पन्नाशीत बीएफए: ट्रेसिंग टेबलावरून ईझलपर्यंत

जून २०२३ मध्ये माझा बीएफएच्या, म्हणजे चित्रकलेच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाचा निकाल लागला. तेव्हा मला त्रेपन्नावं वर्ष चालू होतं. त्यानंतर भेटलेल्या पाच-सहा जणांनी पहिला प्रश्न एकच विचारला, "या वयात प्रवेश देतात?" देतात. मीही हाच प्रश्न मनात घेऊन दोन वर्षं कुणाला न विचारता बसून होते. ती दोन वर्षं कुणाची वाया जाऊ नयेत म्हणून सगळं तारीखवार लिहून काढते आहे.

मी जलसंपदा खात्यात अनुरेखक होते, नाशिकला. साहेबांनी पेन्सिलीने केलेल्या मूळ नकाशावर ट्रेसिंगचा कागद ताणून लावायचा आणि त्याच रेषा शाईने वर उतरवायच्या, हे अनुरेखकाचं काम. धरणाचे छेद, कालव्यांचे एल-सेक्शन (म्हणजे लांबीच्या दिशेने घेतलेले छेद), दरवाज्यांचे तपशील. रेष चुकली तर ब्लेडने शाई हलक्या हाताने खरवडायची आणि कागदाला भोक पडू द्यायचं नाही. बारावी १९८८ ला, मग आयटीआयचा दोन वर्षांचा आरेखकाचा कोर्स, १९९३ ला नोकरी. चित्रकलेला जायचं होतं, पण वडिलांनी "पोटापाण्याचं बघ" म्हटलं आणि त्यांचं तेव्हा चुकलं असं मला आजही वाटत नाही. पुढे संगणकावर नकाशे काढायचं ऑटोकॅड आलं, ट्रेसिंग टेबलं भिंतीला लागली आणि माझ्याकडे आवक-जावक रजिस्टर आलं. हातातली रेष गेली, तेव्हा ती किती हवी होती ते कळलं.

२०१८ च्या दिवाळीत घरात बोलले. लेक शेवटच्या वर्षाला होती. नवरा दोन दिवस काही बोलला नाही, तिसऱ्या दिवशी वही घेऊन बसला आणि म्हणाला, "पेन्शन किती बसेल ते आधी काढू."

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ मधल्या नियम ६६ प्रमाणे वीस वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. मी १ जानेवारी २०१९ ला नोटीस दिली, ३१ मार्चला सुटले. सरकारी नोकरीतून असं बाहेर पडणार असाल तर नोटीस देण्याआधी स्वतःचं सेवापुस्तक पानापानाने बघून घ्या. माझ्या पुस्तकात १९९९ च्या एका वेतनवाढीवर पडताळणीचा शिक्का नव्हता. तेवढ्यासाठी फाईल दोनदा परत आली आणि पेन्शन सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. मधले सहा महिने साठवलेल्या पैशांवर काढले. कॉलेजची पहिली फी नेमकी त्याच काळात भरायची होती.

बीएफएसाठी राज्याची सीईटी असते. माहितीपुस्तिका दोनदा वाचली, वयाची वरची मर्यादा कुठेच दिसली नाही. तरी मन मानेना, म्हणून हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "मॅडम, पाल्याचं वय किती?" मी सांगितलं, पाल्य मीच आहे. ती थांबली आणि म्हणाली, "मग भरा ना फॉर्म." त्या चार शब्दांनी मला फार धीर दिला.

परीक्षेला चार पेपर होते: वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान. केंद्र औरंगाबादला आलं. मे महिन्यातलं ऊन, पाठीवर ड्रॉइंग बोर्ड, पहाटेची एसटी. गेटवर सुरक्षारक्षकाने नम्रपणे सांगितलं, "पालकांनी त्या झाडाखाली थांबायचं." हॉलतिकीट दाखवल्यावर त्यानेच बोर्ड उचलून वर्गापर्यंत आणून दिला. वस्तुचित्राला मी वेळेत होते, रंगाला कमी पडले. स्मरणचित्राला 'बसस्टँडवरील दृश्य' अशा धर्तीचे विषय येतात. तयारी करणाऱ्यांनी माणसांच्या आकृत्यांचा सराव आधी करावा. मी इमारती छान काढत बसले आणि माणसं घाईत उरकली.

जुलैत कागदपत्रं तपासणीला गेले. माझं बारावीचं गुणपत्रक माहेरच्या नावाचं, आधार आणि पॅन सासरच्या नावाचं. विवाह नोंदणीचा दाखला होता, पण तिथे राजपत्र मागितलं. नशिबाने खात्यात नाव बदलताना राजपत्रात प्रसिद्ध करून घेतलं होतं आणि त्याची एक प्रत जुन्या फाईलमध्ये सापडली. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी बाकी काही करण्याआधी हा कागद शोधून ठेवा, नसेल तर अर्ज करून टाका. त्यानंतर शिक्षणातल्या गॅपचं प्रतिज्ञापत्र. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर टंकलेखकाने मजकूर केला आणि विचारलं, "गॅप कधीपासून कधीपर्यंत?" मी म्हटलं, १९९० ते २०१९. त्याने मान वर करून बघितलं, पुन्हा टाइप करायला लागला आणि शेवटी नोटरीसकट होणाऱ्या साडेतीनशेतले पन्नास रुपये घेतले नाहीत. शाळेतलं इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेचं प्रमाणपत्र लागेल म्हणून मी आईच्या ट्रंका उपसल्या होत्या. ते मला शेवटपर्यंत कुणी मागितलं नाही.

कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत नाशिकमधलंच कॉलेज मिळालं. पहिल्या वर्षाची फी ५८,००० रुपये. सामानाचा हिशेब मी वहीत ठेवला आहे: बोर्ड, पोर्टफोलिओ बॅग, पोस्टर रंग, जलरंग, ब्रश, कटर, क्लिपा मिळून सुरुवातीलाच ६,४०० रुपये, आणि मग दर महिन्याला कागदाचे हजार-बाराशे. यादीतलं सगळं पहिल्या दिवशी घेऊ नका. वरच्या वर्गातली मुलं अर्धं सामान वापरलेलं देतात आणि कुठला ब्रश घ्यायचा नाही हेही सांगतात.

वर्गात पस्तीस मुलं, बहुतेक अठरा वर्षांची. त्यांनी पहिल्याच दिवशी मला 'काकू' केलं आणि तेच राहिलं. सरांचं मात्र अवघड झालं. आमचे ड्रॉइंगचे सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. बाकीच्यांच्या कागदावर ते बसून खोडायचे, कोपऱ्यात काढून दाखवायचे, कधी आख्खा कागद रद्द करायला लावायचे. माझ्याजवळ आले की थोडं वाकून म्हणायचे, "छान चाललंय मॅडम," आणि पुढे जायचे. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. घरी चित्रं लावून बघायचे तेव्हा मलाच दिसायचं की काहीतरी मेलेलं आहे. मटका मटक्यासारखा, कापडाच्या चुण्या मोजून बरोबर, आणि तरी सगळं पत्र्यातून कापून काढल्यासारखं.

या वयात शिकायला जाणाऱ्यांना मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. तुम्हाला कुणी नाकारत नाही. तुमचा मान ठेवतात, आणि त्या मानापायी तुमचं शिक्षण अडून राहतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी सरांना वर्ग सुटल्यावर गाठलं. म्हटलं, "सर, माझ्या कागदावर पण खोडून दाखवा. मला राग येणार नाही. आणि मॅडम म्हणू नका, माझा रोल नंबर एकोणतीस आहे." ते अवघडले. मग माझ्या डाँकीवर बसले. ज्या लाकडी बाकावर दोन्हीकडे पाय टाकून, समोर बोर्ड टेकवून चित्र काढतात त्याला आमच्याकडे डाँकी म्हणतात. बराच वेळ माझं चित्र बघून म्हणाले, "तुमची रेष कुठेच तुटत नाही. उजेडाकडची कड आणि सावलीतली कड एकाच जाडीची आहे. तुम्ही वस्तू बघत नाही, तिची हद्द आखता."

नोकरीत कित्येक वर्षं माझ्या रेषेचं कौतुक याच गोष्टीसाठी झालं होतं. शून्य पॉइंट चारचा पेन, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा. त्या रात्री मला रडू आलं.

सरांनी मला महिनाभर पेन्सिल बंद केली. बोरू आणि शाई दिली, तीही डाव्या हाताने. बोरूची शाई मध्येच संपते, मध्येच फुटते, रेष जाड-बारीक होते आणि हाताला ती आखता येत नाही. रोज सकाळी साडेसहाला मी गोदाघाटावर जायचे. रामकुंडावर दशक्रियेला आलेली माणसं, फुलांच्या टोपल्या, कपडे धुणाऱ्या बायका, दगडी पायऱ्या. याच घाटाची शिवाजी तुपे यांची जलरंगातली चित्रं मी लहानपणापासून बघत आले आहे, त्यामुळे तिथे कागद उघडताना संकोच वाटायचा. पंचवीस-तीस कागद निव्वळ डागांचे झाले. मग जानेवारीत एक दिवस पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याची पाठ काढली. खांद्याकडे रेष तुटली होती आणि तरी खांदा दिसत होता. सरांनी तो कागद माझ्याकडून मागून घेऊन वर्गात लावला.

चष्म्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. समोरची वस्तू बघताना वरच्या भागातून, कागद बघताना खालच्या भागातून, म्हणजे मिनिटाला वीस वेळा मान वर-खाली. शिवाय त्या भिंगाच्या कडेने सरळ रेषा वाकड्या दिसतात. दोन महिन्यांत मान धरली आणि चित्रातले उभे खांब तिरके व्हायला लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांना मी बोर्डाचं अंतर टेपने मोजून नेलं, सत्तर सेंटिमीटर. त्यांनी फक्त त्या अंतराचा एकेरी नंबरचा चष्मा करून दिला, १,१०० रुपयांत. त्यातून दूरची वस्तू किंचित धूसर दिसते. ते उलट सोयीचं ठरलं. वर्गात छायाप्रकाश बघण्यासाठी डोळे किलकिले करायला सांगतात ते याचसाठी, बारीक तपशील गळून मोठे टोन उरावेत म्हणून.

मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं. दुसरं वर्ष जवळजवळ पूर्ण मोबाइलवर गेलं. दोन खोल्यांच्या घरात टर्पेंटाइनचा वास नको म्हणून तैलरंग गॅलरीत. मॉडेल कुठून आणणार? नवरा खुर्चीत बसायचा, पेपर वाचत. मी त्याचे सत्तेचाळीस हेड स्टडी, म्हणजे चेहऱ्याचे अभ्यास, केले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, आणि त्याच्या डाव्या भुवईत एक तुटक जागा आहे हे मला बाराव्या चित्राला दिसलं. विचारलं तर म्हणाला, "लहानपणी विटीदांडू खेळताना लागलं होतं." त्या काळात चित्रांचे फोटो पाठवूनच गुण मिळायचे. खिडकीशी सकाळी नऊ-दहाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन बोर्डाला समांतर धरून काढलेला फोटोच खरा रंग दाखवतो. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत माझ्या सगळ्या त्वचा हिरवट आल्या होत्या आणि शेरेही तसेच आले.

कला-इतिहास मला जड गेला, हे लपवत नाही. अजिंठ्याची लेणी, बंगाल शैली, प्रभाववाद हे सगळं वाचताना समजायचं आणि आठवड्याने सनावळी उडून जायची. वर्गातल्या दोन मुलींना यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) जमत नव्हतं, क्षितिजरेषा आणि दूर जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात तो लयबिंदू कुठे धरायचा ते कळत नव्हतं. मी त्यांना रविवारी ते शिकवायचे आणि त्या माझ्याकडून इतिहासाची उत्तरं तोंडी म्हणून घ्यायच्या. तो विषय मी त्यांच्यामुळे पास झाले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्ग पुन्हा भरले. तिसऱ्या वर्षाला पूर्णाकृती मॉडेल असतं. आमच्याकडे पंचवटीत भाजी विकणाऱ्या एक मावशी यायच्या. दोन-दोन तास हलायचं नाही, मध्ये दहा मिनिटं सुट्टी. सुट्टीत त्या सगळ्यांची चित्रं बघत फिरायच्या. माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "गुडघा दुखतोय ते तुलाच दिसलं बाई." त्यांचा डावा पाय किंचित ओढलेला होता, आणि माझाही त्याच बाजूचा गुडघा दुखत असल्यामुळे वजन कुठे टाकलं आहे ते मला कळलं होतं. उभं राहून काम करणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांनी ईझलखाली (चित्र टेकवायच्या घोडीखाली) जाड रबरी चटई टाकावी. तेव्हा आठशे रुपयांत यायची.

त्याच वर्षी सरांनी ग्रंथालयातून एक पुस्तक आणून माझ्यापुढे उघडलं. चित्रकार नसरीन मोहमदी, १९३७ ते १९९०. बडोद्याला शिकवायच्या, आणि शेवट इथे अलिबागजवळच्या किहीमला झाला. पानापानावर शाईच्या आणि पेन्सिलीच्या सरळ रेषा, आमच्याच अवजारांनी काढलेल्या, नकाशाकाराच्या. आजाराने हातावरचा ताबा सुटत चालला होता, तरी त्या याच रेषा काढत राहिल्या. मी ते पुस्तक घरी नेलं आणि तीन दिवस दुसरं काही केलं नाही. जी रेष मोडायला मी दोन वर्षं घालवली होती, ती इथे श्वास घेत होती. सरांना विचारलं, "मग मी मोडली कशाला?" ते म्हणाले, "आता काढून बघा." मी माळ्यावरून जुनी टी-स्क्वेअर खाली काढली.

शेवटच्या वर्षाच्या चित्रमालिकेचा विषय तिथूनच सुचला. १९९६ मध्ये मी एका कालव्याचा एल-सेक्शन ट्रेस केला होता. अकरा कागद, साखळी क्रमांक शून्यापासून टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत. तो कालवा मी कधी पाहिला नव्हता. अनुरेखकाला साइटवर कोण नेतं? डिसेंबर २०२२ मध्ये नवरा आणि मी एसटीने गेलो, पुढे गावातल्या एकाच्या मोटारसायकलवर. माझ्या नकाशात जिथे एक तलम रेष तळ दाखवत जायची, तिथे गाळ होता, लव्हाळं होतं, फुटलेल्या अस्तरातून उगवलेलं उंबराचं रोप होतं. शेवटच्या चारीपाशी (छोट्या पाटापाशी) एक पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी वाटणारे, भेटले. म्हणाले, पाण्याचं आवर्तन (पाळी) सुटलं तरी इथवर पाणी दरवेळी पोचतंच असं नाही. मी त्यांना म्हटलं, हा कालवा कागदावर मी काढला होता. ते म्हणाले, "मग कागदावर पाणी येत असंल."

मी पाच कॅनव्हास केले, प्रत्येकी तीन फूट बाय चार. एक सरळ, टी-स्क्वेअरने आखलेली तळाची रेष पाचही चित्रांतून जाते आणि तिच्याभोवती गाळ, गवत, माणसं हाताने येतात. मार्चमध्ये चौथ्या चित्राचा फोटो पाटकऱ्यांना पाठवला. त्यांचा फोन आला, "ताई, पाणी जास्त दाखवलंय. बोटभर असतं तिथं." रंग अजून ओला होता. मी पॅलेट नाइफने वीतभर निळा खरवडला, ब्लेडने शाई खरवडायचे तसाच, आणि खाली गाळाचा रंग राहू दिला. परीक्षक त्याच चित्रापुढे सगळ्यात जास्त वेळ उभे राहिले.

सबमिशनच्या आठवड्यात कॅनव्हास, फ्रेम आणि टेम्पोचं भाडं मिळून १९,००० रुपये लागले. हा खर्च आधीपासून बाजूला ठेवा, तेव्हा सगळे एकदम मागतात. चार वर्षांचा एकूण हिशेब फीचे २ लाख ४१ हजार आणि सामानाचे सुमारे ९५ हजार असा झाला. मला प्रथम श्रेणी मिळाली.

ऑगस्टमध्ये पदवी प्रमाणपत्राचा अर्ज भरला. खिडकीवरच्या मुलाने गुणपत्रक आणि आधार शेजारी-शेजारी ठेवून बघितलं आणि म्हणाला, "बारावीला नाव वेगळं दिसतंय." मी फाईल उघडून राजपत्राची प्रत त्याच्यापुढे ठेवली.